आठवड्याचे तेवीस तास

पत्राचा सारांश: सातारा जिल्ह्यातील तालुक्याच्या एका गावातून या ताईंनी लिहिले आहे. वय ४२. २००१ मध्ये वाणिज्य शाखेतून बारावी, त्यानंतर प्रथम वर्ष बी.कॉम. उत्तीर्ण, आणि मग लग्न ठरल्याने शिक्षण थांबले. गेली १६ वर्षे त्या एका सहकारी पतसंस्थेत लिपिक आहेत. किर्द, खतावणी, मुदत ठेवी, वसुलीच्या नोटिसा, लेखापरीक्षकांसमोर कागद घेऊन बसणे ही सारी कामे त्या करतात. संस्थेचा कारभार तीन वर्षांपूर्वी नव्या संगणक प्रणालीवर गेला, तेव्हा शाखेत ती सर्वांत आधी त्या शिकल्या. मात्र शाखाधिकाऱ्याची जागा रिकामी झाली की ती पदवीधराला मिळते, आणि ज्याला त्यांनी हाताला धरून काम शिकवले त्याच्याच हाताखाली त्या आज काम करतात. मुलगी यंदा बारावीला आहे, मुलगा सातवीत, सासूबाईंना गुडघ्यांचे दुखणे आहे. यजमान म्हणतात, "कर, पण घरचं सांभाळून कर." सासूबाई विचारतात, लेकीच्या वयाच्या पोरांबरोबर परीक्षेला बसणार का? ओळखीतल्या एका माणसाने ४५,००० रुपयांत, वर्षभरात, मागच्या तारखांच्या गुणपत्रिकांसह परराज्यातील एका विद्यापीठाची पदवी मिळवून देण्याची तयारी दाखवली आहे. तो मार्ग घ्यावा, मुक्त विद्यापीठातून रीतसर शिकावे, की विषयच सोडून द्यावा, आणि या वयात हे झेपेल का, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात "या वयात" हे शब्द चार वेळा आले आहेत, आणि ज्या पानावर ते आले आहेत त्याच पानावर तुम्ही वयाच्या ३९ व्या वर्षी एक संपूर्ण नवी संगणक प्रणाली शिकून ती इतरांना शिकवल्याचे लिहिले आहे. ती शिकताना तुम्हाला कोणी वर्ग घेतला नव्हता, पुस्तक दिले नव्हते आणि दिवसाचे काम कमी केले नव्हते. त्यामुळे तुम्हाला शिकता येईल का, या प्रश्नाचे उत्तर मी देण्याची गरज उरलेली नाही, ते तुमच्याच पत्रात आहे. मला काळजी वाटते ती यजमानांच्या वाक्याची. "घरचं सांभाळून कर" हे वाक्य प्रेमाने उच्चारलेले असेल, आणि परवानगीही त्यात आहेच, पण त्याचा हिशेब कोणी मांडलेला नाही, आणि तुम्ही तर हिशेबाच्याच माणूस आहात. तो आपण मांडून पाहू.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांची पदवी किमान १२० श्रेयांकांची, म्हणजे क्रेडिट्सची, असते. मुक्त शिक्षणात एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याच्या अभ्यासाचे ३० तास धरतात, आणि त्यांत वाचन, स्वाध्याय, संपर्क सत्रे हे सगळे येते. म्हणजे एकूण ३,६०० तास. तीन वर्षांत ही पदवी पूर्ण करायची तर वर्षाला १,२०० आणि आठवड्याला सुमारे २३ तास लागतील, म्हणजे रविवार धरून रोजचे सव्वातीन तास. तुम्ही पहाटे पाचला उठता आणि रात्री साडेदहाला आडव्या होता, असे तुम्हीच कळवले आहे. घरातले कोणतेही काम कमी न करता हे सव्वातीन तास काढायचे तर ते फक्त झोपेतून निघतील. "घरचं सांभाळून" या दोन शब्दांचा व्यवहारातला अर्थ तेवढाच आहे, आणि माझ्या पाहण्यात अर्ध्यावर सुटलेल्या पदव्यांपैकी बहुतेक याच ठिकाणी सुटल्या आहेत. त्या बायकांची बुद्धी कमी पडली नव्हती, त्यांची झोप संपली होती.

हा हिशेब ऐकून खचून जाऊ नका, कारण त्यातला एक आकडा तुमच्या हातात आहे, तो म्हणजे वर्षांचा. तीन वर्षांची पदवी तीनच वर्षांत संपवली पाहिजे असे तुम्ही गृहीत धरले आहे, आणि वयाची धास्ती त्या घाईतून आली असावी असे मला वाटते. मुक्त शिक्षणाची रचनाच मुळी वेग कमी-जास्त करता यावा यासाठी आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात, म्हणजे इग्नूत, तीन वर्षांच्या पदवीसाठी सहा वर्षांपर्यंतची मुदत मिळते. इतर विद्यापीठांची मुदत त्यांच्या माहितीपुस्तिकेत छापलेली असते, ती प्रवेशाआधी वाचा. हेच ३,६०० तास पाच वर्षांत विभागले तर आठवड्याला १४ तासांच्या आत बसतात, म्हणजे रोजचे साधारण दोन तास. दोन तास घरातून मागून घेता येतात. सव्वातीन तास मागणे कठीण आहे, आणि चोरून मिळवणे तर अशक्यच आहे.

'मागून घेणे' हे शब्द मी जाणीवपूर्वक वापरते आहे. मी स्वतः नोकरी सांभाळून बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून एम.ए. केले, तेव्हा पहिले वर्षभर मी घरात काहीच मागितले नाही. सगळे निजल्यावर स्वयंपाकघरात दिवा लावून वाचत बसायचे, आणि सकाळी कोणाला काही कळू द्यायचे नाही. पहिल्या वर्षी दोन विषय राहिले. दुसऱ्या वर्षी मी सर्वांना जेवायला बसल्यावर सांगितले की संध्याकाळी आठ ते दहा मी घरात नाही असे समजा, आणि जेवणानंतरची मागची आवर कोणी करायची ते तुम्ही ठरवा. पहिले पंधरा दिवस घरात धुसफूस झाली, भांडी सकाळपर्यंत तशीच राहिली, आणि नंतर ती राहीनाशी झाली. तुमच्याकडे यजमानांशी बोलताना "मला मदत करा" असे म्हणू नका, कारण मदत ज्याची त्याच्या सवडीने होते. कामाचे नाव घ्या, वेळ सांगा, माणूस ठरवा. रात्रीची आवर यजमानांकडे, सासूबाईंची औषधे आणि गुडघ्यांचा शेक मुलाकडे, रविवारचा सकाळचा स्वयंपाक तुमच्याकडे नाही, कारण संपर्क सत्रे बहुधा सुटीच्या दिवशी असतात. सातवीतल्या मुलाला हे काम जमते, आणि आजीला ते आवडेलही.

वेळापत्रकात आणखी एक अडचण आहे, ती बाहेरच्या कोणाला चटकन दिसणार नाही. पतसंस्थेत फेब्रुवारी-मार्च म्हणजे वसुलीची धावपळ, ३१ मार्चची वर्षअखेर आणि त्यामागोमाग लेखापरीक्षण. तुमच्या मुलीची बारावीची परीक्षा त्याच दिवसांत येते. त्यामुळे हे चार महिने अभ्यासाचे नाहीत असे आजच मान्य करा आणि वर्षाची आखणी जून ते जानेवारी या काळावर करा. परीक्षेचे वेळापत्रक आडवे आलेच तर एखादा विषय पुढच्या परीक्षेसाठी ठेवावा. विषय मागे ठेवणे म्हणजे नापास होणे नव्हे, हे घरातल्यांनाही आधी सांगून ठेवा, म्हणजे तेव्हा कोणी काही बोलणार नाही.

आता त्या ४५,००० रुपयांविषयी. तुमच्या किर्दीत मागच्या तारखेची नोंद करा, असे उद्या कोणी सांगितले, तर तुम्ही कराल का? सोळा वर्षांत तुम्ही ती केलेली नाही, याची मला पत्रावरूनच खात्री वाटते. मागच्या तारखेची गुणपत्रिका ही तशीच नोंद आहे, फक्त ती तुमच्या नावाची आहे. ज्या वर्षी तुम्ही विद्यार्थिनी होता असे ती सांगेल, त्या वर्षीच्या तुमच्या हजेरीपटावर, पगारपत्रकावर आणि प्रवेशाच्या नोंदींत काहीच जुळणार नाही. पदोन्नतीच्या वेळी किंवा पुढे एखाद्या तक्रारीवरून संस्थेने विद्यापीठाकडे पडताळणी मागितली, तर तो मध्यस्थ सापडत नाही, तुम्ही सापडता. बनावट कागद वापरल्याचा ठपका येईल तो तुमच्यावर, आणि ज्या नोकरीत वर जाण्यासाठी हे केले ती नोकरीच त्यात जाऊ शकते. त्या माणसाला नाही म्हणा, आणि तो ओळखीतला असला तरी कारण सांगत बसू नका.

कोणताही दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम खरा की खोटा हे ओळखण्याची रीत अवघड नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त विद्यापीठांची यादी असते. ती केवळ विद्यापीठनिहाय नसून अभ्यासक्रमनिहाय आणि सत्रनिहाय असते, आणि नेमके इथेच लोक फसतात. विद्यापीठ खरे असते, पण दूरशिक्षणाने तो अभ्यासक्रम चालवण्याची त्याला त्या वर्षी परवानगी नसते. तेव्हा विद्यापीठाचे नाव, अभ्यासक्रमाचे नाव आणि प्रवेशाचे सत्र या तिन्ही गोष्टी त्या यादीत एकत्र दिसल्याशिवाय एक रुपयाही भरू नका, आणि शुल्क भराल ते विद्यापीठाच्या खात्यावरच भरा, कोणा व्यक्तीच्या नाही.

तुमच्यासाठी असे रीतसर मार्ग दोन-तीन आहेत. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. त्याची अभ्यास केंद्रे तालुक्यातालुक्यांत, बहुधा स्थानिक महाविद्यालयांतच असतात, बी.कॉम. मराठीतून करता येते, आणि त्याची पुस्तके समोर शिक्षक नाही हे धरूनच लिहिलेली असतात. इग्नू १९८५ पासून आहे, तिथे वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, प्रवेश मिळतो, मात्र अभ्यास मुख्यतः इंग्रजी किंवा हिंदीतून करावा लागतो. सातारा जिल्हा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत येतो, आणि त्या विद्यापीठाचेही दूरशिक्षण केंद्र आहे. तुम्ही रोज मराठीत पत्रव्यवहार करता, नोटिसा लिहिता, लेखापरीक्षणाची उत्तरे तयार करता. त्यामुळे माझा कल नाशिककडे आहे. घराजवळचे अभ्यास केंद्र एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहा, रविवारी जा, आणि संपर्क सत्रे खरोखर होतात का ते तिथल्या विद्यार्थ्यांनाच विचारा. केंद्राकेंद्रांत फरक असतो आणि तो माहितीपुस्तिकेत दिसत नाही.

"बाहेरून केलेल्या पदवीला कोण विचारतो?" असेही तुम्ही लिहिले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले की मान्यताप्राप्त संस्थेतून मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने मिळवलेली पदवी नियमित पदवीशी समकक्ष मानली जाईल. नियम इतका स्पष्ट आहे. तरीही तुमच्या संस्थेचे संचालक मंडळ काय म्हणते हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो प्रवेश घेण्याआधी विचारायला हवा, पदवी हातात आल्यावर नव्हे. संस्थेचे सेवानियम तुम्ही मागून वाचले आहेत का? शाखाधिकारी पदासाठी पदवी ही लेखी अट आहे, की आजवरचा केवळ प्रघात आहे? सेवाज्येष्ठतेला काही स्थान आहे का? पत्रात तुम्ही अट म्हणून जे सांगितले आहे ते सारे कोणीतरी तोंडी सांगितलेले आहे. पदवी हे तुमच्या अडलेल्या पदोन्नतीचे एकमेव कारण आहे, हे खरे असेलही, पण पाच वर्षे आणि ३,६०० तास खर्च करण्याआधी ते कागदावर पाहणे आवश्यक आहे. समजा नियमांत पदवीची अटच नसली, तर तुमचा झगडा विद्यापीठाशी नसून संचालक मंडळाशी आहे, आणि त्यासाठी वेगळे पत्र लिहावे लागेल.

तसे निघाले तर तुम्हाला शिकावेसे वाटेल का, याचाही विचार करून ठेवा. "अर्धी राहिलेली गोष्ट टोचते," असे तुमच्या पत्रात अगदी शेवटी, जाता जाता लिहिलेले एक वाक्य आहे, आणि मला ते साऱ्या पत्रातले सर्वांत खरे वाक्य वाटले. पदोन्नतीसाठी शिकणे आणि स्वतःसाठी शिकणे यांत उच्च-नीच काही नाही, पण निवड मात्र बदलते. पदोन्नतीसाठी बी.कॉम. हेच ठीक, आणि त्यानंतर राज्याच्या सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. ही सहकार व लेखा पदविकेची परीक्षा तुमच्या क्षेत्रात उपयोगी पडेल. केवळ स्वतःसाठी असेल तर मग इतिहास, मराठी, अर्थशास्त्र, जे वाचताना दिवा मालवावासा वाटत नाही ते घ्या.

प्रथम वर्षाच्या जुन्या गुणपत्रिकेवर थेट द्वितीय वर्षाला प्रवेश मिळावा असे तुम्हाला वाटते. अभ्यासक्रम दोनदा-तीनदा बदलून गेला आहे, तेव्हा विद्यापीठाला अर्ज करून विचारून पाहा, पण त्या उत्तरावर अडून राहू नका. तेवीस वर्षांनी पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करण्यात फायदाही आहे, कारण लेखाशास्त्राचा पहिला भाग तुम्हाला पुस्तक लिहिणाऱ्यापेक्षा चांगला येत असेल आणि त्या विषयात परीक्षेची सवय करून घेता येईल. फक्त एक जपा. अनुभवी माणसे परीक्षेत गुण गमावतात ती न आल्यामुळे नाही, तर प्रश्नाने जे विचारले ते सोडून आपल्या कार्यालयात जे होते ते लिहिल्यामुळे. पुस्तकातली रीत आणि संस्थेतली रीत वेगळी असेल तिथे उत्तरपत्रिकेत पुस्तकातलीच लिहावी लागते.

कागदपत्रांचे काम मात्र आजच सुरू करा, कारण विवाहित स्त्रियांचे प्रवेश अडतात ते इथे. तुमची बारावीची गुणपत्रिका माहेरच्या नावाची आहे आणि आधार सासरच्या नावाचे असणार. आता मुक्त व ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी श्रेयांक खाते, म्हणजे मिळवलेले श्रेयांक जमा होण्याचे ऑनलाइन खाते, आणि त्याला जोडलेला दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक काढावा लागतो, आणि तिथे नाव आधारप्रमाणे येते. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र किंवा नाव बदलाचे राजपत्र हाताशी असेल तर हे काम अडत नाही. ते नसेल तर ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत विवाह नोंदणीची चौकशी या महिन्यातच करा.

ज्या इतर वाचकांची परिस्थिती तुमच्यासारखी पण तंतोतंत तशी नाही, त्यांच्यासाठी थोडे लिहिते. ज्यांची बारावीच राहिली आहे त्यांनी राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून ती आधी पूर्ण करावी, पदवीच्या वाटेवरचा तो टप्पा चुकवण्याच्या नादी लागू नये. अभियांत्रिकी, परिचर्या, औषधनिर्माण, विधी हे अभ्यासक्रम दूरशिक्षणाने करता येत नाहीत, त्यामुळे घरबसल्या बी.ई. किंवा एल.एल.बी. देऊ करणारी जाहिरात दिसली तर पुढे वाचू नये. कारखान्यात काम करणाऱ्या पदविकाधारकांसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३ पासून नोकरदारांसाठी स्वतंत्र तुकड्यांची सोय केली आहे. त्या तुकड्या महाविद्यालयातच, पण नोकरीच्या वेळा सांभाळून भरतात, आणि आपल्या जवळच्या महाविद्यालयाने त्या घेतल्या आहेत का, हे तिथेच जाऊन विचारावे.

सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही त्यांना रागाने देऊ नका. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी आणि कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती, दिवसभर राबून आलेली मोठी माणसे तिथे अक्षरे गिरवत होती. तुमच्या साताऱ्यात कर्मवीर भाऊरावांनी 'कमवा आणि शिका' हे कित्येक घरांत रुजवले. कमावता कमावता शिकणे या मातीत कधीच लाजिरवाणे नव्हते. मला वाटते सासूबाईंना खरी भीती आपल्या गुडघ्यांची आहे, तुम्ही अभ्यासाला बसलात तर आपल्याला उठवून बसवणार कोण याची, आणि ते त्या बोलून दाखवू शकत नाहीत. नातवाच्या हातून शेक सुरू झाला की ही भीती बरीच ओसरेल.

एक बारीक गोष्ट राहिली. तीन तासांची उत्तरपत्रिका लिहायला हात लागतो, आणि तुमचा हात आता कळफलकाचा झाला आहे. माझ्या पहिल्या परीक्षेत दीड तासाने माझी बोटे आखडली आणि येत असलेला शेवटचा प्रश्न तसाच राहिला. यंदा लेक बारावीचे जुने पेपर सोडवायला बसेल, तेव्हा त्याच मेजावर तुम्हीही घड्याळ लावून बसा. विषय कोणताही असो, हाताने लिहा, पहिल्या आठवड्यात वीस मिनिटे आणि मग हळूहळू वाढवत न्या.

आणि सोमवारी जेवणाच्या सुटीत संस्थेच्या सचिवांना एक साधा अर्ज द्या: शाखाधिकारी पदाच्या पात्रतेविषयीच्या सेवानियमाची प्रत मिळावी, आणि मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी त्यासाठी ग्राह्य धरली जाईल का, ते लेखी कळवावे. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.